रविवार मागणारा संपादक

दरवर्षी जून महिन्याची दहा तारीख जवळ आली की मोबाईलवर एक मजकूर फिरू लागतो. आपण उपभोगतो ती रविवारची सुट्टी नारायण मेघाजी लोखंडे यांनी मिळवून दिली, असा त्याचा आशय असतो. त्याआधी हिंदुस्थानात रविवारची सुट्टी नव्हतीच, असेही त्यात ठोकून दिलेले असते. पाठवणाऱ्याचा हेतू चांगला असतो, माहिती मात्र अर्धी असते. या अर्ध्या माहितीने लोखंड्यांचे मोठेपण वाढत तर नाहीच, उलट ते जिथे खरोखर मोठे होते ती जागाच झाकली जाते.

माझी उभी नोकरी बँकेत झाली. आमच्या खात्यांतर्गत परीक्षांना ‘निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट’ घोकावा लागे. १८८१ सालचा हा कायदा. हुंडी, वचनचिठ्ठी, चेक यांची सारी कुंडली त्यात मांडलेली आहे. त्याचे पंचविसावे कलम सांगते की, हुंडीची मुदत सार्वजनिक सुट्टीच्या दिवशी भरत असेल तर ती आदल्या कामाच्या दिवशी भरली असे समजावे. आणि सार्वजनिक सुट्टी कशाला म्हणायचे, तर त्यात पहिला उल्लेख रविवारचा. याचा अर्थ १८८१ साली कागदाला रविवार होता. सरकारी कचेऱ्यांना होता, कोर्टांना होता, फोर्टातल्या पेढ्यांतल्या साहेबांना होता. त्याच शहरात परळ, लालबाग, चिंचपोकळी, ताडदेव या भागांतल्या गिरण्यांत राबणाऱ्या माणसाला मात्र तो हक्काने नव्हता. लोखंड्यांनी रविवार शोधून काढला नाही. जो रविवार हुंडीला मिळत होता तो त्यांनी माणसासाठी मागितला. आणि तो मागण्यासाठी त्यांच्या हाती होते काय, तर एक मराठी साप्ताहिक.

त्या काळच्या गिरणीतला दिवस कसा होता हे थोडे सांगायला हवे, कारण आज गिरणगावाच्या आठवणी निघतात त्या बहुधा भोंगा, पाळी आणि बोनस यांच्या असतात. हे सगळे पुढचे. १८८० च्या सुमारास पाळी नव्हती. विजेचे दिवे आलेले नव्हते, तेव्हा घड्याळ सूर्याचे. उजाडले की काम सुरू, मावळले की बंद. उन्हाळ्यात दिवस मोठा म्हणून काम जास्त, थंडीत थोडे कमी. दुपारी जेवायला ठरलेली सुट्टी नाही. यंत्र चालू असतानाच कोणाला तरी लक्ष ठेवायला सांगून कोपऱ्यात बसून भाकरी मोडायची. रविवारी गिरणी बंद असली तरी अनेक ठिकाणी यंत्रे पुसायला, तेलपाणी करायला जावेच लागे, आणि त्यात सकाळ निघून जाई. १८८१ साली जो पहिला फॅक्टरी ॲक्ट आला, त्याने फक्त मुलांकडे पाहिले. सात वर्षांखालच्या पोराला कामाला लावू नये, सात ते बारापर्यंतच्यांना नऊ तासांहून अधिक राबवू नये, आणि त्यांना महिन्याकाठी चार सुट्ट्या द्याव्यात, इतकेच. मोठी माणसे, मग ती बाई असो वा पुरुष, त्या कायद्याच्या हिशेबात नव्हती.

याहूनही एक गोष्ट माझ्यातल्या बँकवाल्याला टोचते, ती पगाराची. महिनाभराची मजुरी पुढच्या महिन्याचा पंधरवडा उलटल्यावर केव्हातरी हाती पडे. याचा हिशेब मांडून पाहा. कामगाराची महिना-दीड महिन्याची कमाई कायम मालकाकडे अडकलेली, तीही बिनव्याजी. इकडे चूल पेटायला हवी म्हणून हाच कामगार वाण्याकडून उधारीवर दाणे नेणार, आणि त्या उधारीला व्याज. कोकणातून किंवा घाटावरून नवा आलेला गडी पहिल्या दिवसापासून कर्जात शिरे तो अंगच्या दुर्गुणांमुळे नव्हे. पगाराच्या तारखेनेच त्याला तिथे ढकललेले असे. कामगार दारूपायी कर्जबाजारी होतात, असे सुखवस्तू मंडळी तेव्हाही म्हणत आणि पुढेही म्हणत राहिली. त्यांनी पगाराची तारीख कधी पाहिली नसावी.

लोखंड्यांनी ती पाहिली होती, कारण ते आतले होते. त्यांचा जन्म १८४८ चा, ठाण्याचा, घराणे फुलमाळ्याचे. शिक्षण बेताचेच झाले. रेल्वेत, मग टपाल खात्यात नोकरी केली आणि पुढे मांडवी मिलमध्ये ते स्टोअरकीपर झाले. स्टोअरकीपर हा गिरणीतला मोठा मजेशीर प्राणी. तो कचेरीतला असतो आणि खात्यातलाही असतो. कापूस किती आला, तेल किती गेले, काय मोडले, काय बदलले, हे सारे त्याच्या वहीतून जाते. मालकाची भाषा त्याला कळते आणि मजुराचा चेहराही त्याच्या ओळखीचा असतो. अशा जागी बसून काही वर्षे नोंदी करणारा माणूस पुढे संपादक झाला तर त्याच्या लिखाणात आकडे येणार, तारखा येणार, आणि मागणी करताना ती मोघम राहणार नाही. लोखंड्यांचे नेमके तसेच झाले.

‘दीनबंधू’ हे पत्र मूळ पुण्याचे. सत्यशोधक समाजाचे विचार सांगणारे स्वतंत्र पत्र असावे म्हणून भांबुर्ड्याच्या कृष्णराव भालेकरांनी ते १ जानेवारी १८७७ रोजी सुरू केले. भालेकरांनी पदरमोड करून ते चालवले आणि शेवटी त्यांचे हात टेकले. वर्गणीदार थोडे, त्यातले थकबाकीदार फार, ही मराठी नियतकालिकांची जुनी व्यथा आहे. मराठी पत्राचा ताळेबंद कधी जुळला आहे! १८८० मध्ये पत्र मुंबईस आले आणि लोखंड्यांच्या हाती गेले. त्याला मुंबईत टेकू देणाऱ्यांत कामाठीपुऱ्यातले तेलुगू कंत्राटदार होते, रामय्या व्यंकय्या अय्यावारू हे त्यांतले प्रमुख. बहुजनांच्या या मराठी पत्रामागे तेलुगू भाषकांचा पैसा उभा राहिला, ही गोष्ट आपल्या मुंबईच्या इतिहासात आवर्जून सांगितली पाहिजे. बांधकामावरचे कामाठी आणि गिरणीतले मराठे, माळी, कुणबी यांचे दुखणे एकच आहे, हे त्या मंडळींना उमगले होते.

१८८४ साली मुंबई सरकारने गिरण्यांच्या स्थितीची चौकशी करायला कमिशन नेमले. लोखंड्यांनी संधी ओळखली. त्या वर्षी २३ सप्टेंबरला परळच्या सुपारीबागेत आणि २६ तारखेला भायखळ्यास त्यांनी कामगारांच्या सभा घेतल्या, आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज कमिशनपुढे ठेवला. मागण्या मोजून पाच होत्या. रविवारी पूर्ण सुट्टी असावी. दुपारी अर्धा तास विसावा मिळावा. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला संपावे. मागल्या महिन्याचा पगार पुढल्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत मिळावा. आणि कामावर असताना कोणी जखमी झाला तर बरा होईपर्यंत त्याला पगार मिळावा, कायमचा अपंग झाला तर पोटापाण्याची सोय व्हावी.

या पाचांत पगारवाढ नाही, हे लक्षात घ्या. दोन पैसे जास्त द्या, असे कुठेच म्हटलेले नाही. सारी मागणी वेळेची आहे. एखाद्या भाबड्या पुढाऱ्याने आधी पगार मागितला असता. लोखंड्यांनी वेळ मागितला, कारण वेळ हाती आला तर माणूस वाचेल, ऐकेल, चार माणसांत बसेल, आणि मग पगार तो स्वतःच मागेल, असे त्यांना वाटले असावे. हा अर्थात माझा तर्क. पण वर्तमानपत्र काढणाऱ्याला वाचकाचा मोकळा वेळ किती मोलाचा, हे कोणी शिकवावे लागत नाही.

याच सभांतून ‘बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन’ उभी राहिली आणि लोखंडे तिचे अध्यक्ष झाले. हिंदुस्थानातली पहिली कामगार संघटना म्हणून तिचे नाव घेतले जाते. यावर अभ्यासकांत वाद आहे आणि तो अगदीच पोकळ नाही. १८९२ च्या सुमारास एका सरकारी अहवालात साहेबाने शेरा मारला की, या असोसिएशनला सभासदांची यादी नाही, निधी नाही, नियम नाहीत. लोखंडे नावाचे गृहस्थ येईल त्या कामगाराला फुकट सल्ला देतात, एवढेच. शेरा खवचट आहे, पण खोटा नसावा. वर्गणीची पावतीपुस्तके, घटना, कार्यकारिणी असले काही तिथे नव्हते. मग साडेपाच हजार सह्या आल्या कुठून? माझ्या मते त्या ‘दीनबंधू’मुळे आल्या. यादी नसलेल्या, निधी नसलेल्या त्या संघटनेची खरी कचेरी म्हणजे ते पत्र होते. चाळीत एखाद्याला वाचता येई, तो मोठ्याने वाची, बाकीचे ऐकत. एक अंक किती जणांपर्यंत पोचला हे वर्गणीदारांच्या वहीत दिसत नाही, आणि म्हणून साहेबाच्या अहवालातही ते दिसले नाही.

आता जरा अवघड भाग. लोखंडे मागत होते त्या कायद्याला त्या वेळी विरोध कोण करत होते? गिरणीमालक तर करणारच. पण देशाभिमानी म्हणवणारी बहुतेक वर्तमानपत्रेही, अगदी ‘केसरी’ आणि ‘मराठा’सुद्धा, त्याच बाजूला होती. त्यांची बाजूही समजून घेतली पाहिजे. मँचेस्टर आणि लँकेशायरच्या कापडवाल्यांना मुंबईच्या गिरण्या डोळ्यांत सलत होत्या. १८८२ मध्ये विलायती कापडावरची जकात उठवून सरकारने त्यांना मोकळे रान दिले होते. हेच लोक विलायतेत मुंबईच्या मजुरांसाठी गळा काढू लागले, तेव्हा त्यांच्या भूतदयेचा वास येणे साहजिक होते. कामाचे तास बांधले की मुंबईचे कापड महागणार आणि विलायतेचे खपणार, हा हिशेब उघड होता. देशी उद्योग जगवायचा तर कायदा नको, असे पुण्या-मुंबईच्या शहाण्या संपादकांनी लिहिले, ते पोटतिडकीने लिहिले.

फक्त त्यात एक माणूस दिसत नव्हता, आणि तो म्हणजे साच्यापाशी उभा असलेला. देशी उद्योग जगावा ही गोष्ट खरीच, पण तो कोणाच्या पाठीवर जगणार, हा प्रश्न विचारायला ‘दीनबंधू’ लागला. लँकेशायरचा स्वार्थ आहे म्हणून परळच्या बाईने अकरा-बारा तास उभेच राहावे काय? सरकारच्या आणि विलायतवाल्यांच्या बाजूचा असा शिक्का बसण्याचा धोका पत्करून लोखंड्यांनी कायद्याची बाजू घेतली. एखाद्या पत्राचे धैर्य सरकारविरुद्ध किती जोरात लिहिले यावरून मोजायची आपल्याला सवय आहे. आपल्याच वाचकवर्गातल्या, आपल्याच गावातल्या सज्जनांच्या एकमताविरुद्ध लिहायला लागणारे धैर्य मला अधिक दुर्मीळ वाटते. बरे, हे लोखंडे टिळक-आगरकरांचे वैरी होते असेही नाही. कोल्हापूर प्रकरणात त्या दोघांना १८८२ मध्ये शिक्षा झाली, तत्पूर्वी त्यांच्या जामिनाची सोय जोतीराव फुल्यांचे स्नेही रामशेट उरवणे यांनी केली होती, आणि डोंगरीच्या तुरुंगातून दोघे सुटले तेव्हा त्यांच्या स्वागतात मुंबईचे सत्यशोधक पुढे होते. मतभेद होते, पण माणुसकीचा व्यवहार बंद नव्हता.

अर्ज केला आणि रविवार मिळाला असे झाले नाही. सहा वर्षे गेली. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर लोखंड्यांनी सभा बोलावली. दहा हजारांच्या आसपास कामगार जमले. या सभेतली मला सर्वांत मोलाची वाटणारी नोंद अशी की, तीत दोन स्त्रिया बोलायला उभ्या राहिल्या. गिरणीत काम करणाऱ्या बायका, साल १८९०, समोर हजारोंचा पुरुषांचा जमाव. त्यांची नावे सर्वांच्या तोंडी असायला हवी होती, ती नाहीत. सभेतून गिरणीमालकांच्या संघाकडे रविवारच्या सुट्टीचा अर्ज गेला आणि १० जून १८९० रोजी मालकांनी तो मान्य केला. रविवार हा खंडोबाचा वार, त्या दिवशी कामगाराला देवधर्म करायला मिळावा, असाही युक्तिवाद लोखंड्यांनी केल्याचे सांगतात. सत्यशोधकाने जेजुरीच्या देवाला साक्षीला बोलवावे यात मला विसंगती दिसत नाही. ज्याच्यासाठी मागायचे त्याच्या भाषेत मागितले, इतकेच. त्याच वर्षी नेमलेल्या नव्या फॅक्टरी कमिशनवर मुंबईचे स्थानिक सभासद म्हणून लोखंडे बसले, आणि १८९१ च्या कायद्याने आठवड्याची सुट्टी आणि दुपारचा अर्धा तास या गोष्टी कागदावर आल्या. बायकांच्या कामाला अकरा तासांची मर्यादा पडली.

या रविवारने पुढे काय केले, हे गिरणगावात वावरलेल्यांना सांगायला नको. भजनी मंडळे, तालमी, शाहिरांचे फड, कामगार रंगभूमी, सारे त्या एका मोकळ्या दिवसावर उभे राहिले. पण मी पाहिले ते वेगळे. मी नवखा कारकून म्हणून लालबागच्या एका शाखेत होतो, संपापूर्वीच्या शेवटच्या दिवसांत. सोमवारी सकाळी काउंटर उघडला की ग्रामस्थ मंडळांचे खजिनदार येत. रत्नागिरीकडच्या, सिंधुदुर्गातल्या कुठल्या कुठल्या वाड्यांची मंडळे. रविवारी दहा बाय बाराच्या खोलीत बैठक झालेली असे आणि जमलेली वर्गणी रुमालात बांधून सोमवारी आमच्याकडे येई. चुरगळलेल्या नोटा, चिल्लर, आणि भरणा पावतीवर ‘शाळेच्या कौलांकरिता’ किंवा ‘विहिरीकरिता’ असे काहीतरी पेन्सिलने लिहिलेले. कोकणातल्या कितीतरी शाळांची छपरे लालबाग-परळच्या रविवारातून शाकारली गेली आहेत. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि काही महिन्यांतच हेच खजिनदार पैसे काढायला येऊ लागले. त्यानंतर गिरणगावात रोजच रविवार झाला, आणि असा रविवार कोणीही मागितला नव्हता.

लोखंड्यांच्या कामाचा पसारा गिरणीपुरता नव्हता. विधवांचे केशवपन आम्ही करणार नाही, असे १८९० मध्ये मुंबईच्या नाभिकांनी ठरवले, त्यामागे लोखंडे होते. प्रश्नाला हात घालायची ही रीत त्यांच्या स्वभावाशी जुळणारी आहे. शास्त्रार्थ करत बसण्यापेक्षा ज्याच्या हातात वस्तरा आहे त्याच्याशीच बोलावे. १८९३ च्या हिंदू-मुसलमान दंग्यानंतर सलोख्यासाठी त्यांनी खटपट केली, आणि १८९५ मध्ये सरकारने त्यांना रावबहादूर केले.

ही पदवी काहींना आजही खुपते. मला त्याहून दुसरी एक गोष्ट खुपते. जोतीरावांनी १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून पुरा केला. त्यातली पहिली दोन प्रकरणे ‘दीनबंधू’ने छापली आणि पुढली छापायचे नाकारले. भाषा फार जहाल झाली आहे, सरकारचा रोष होईल, असे संपादकाला वाटले असणार. देशी वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदा १८८२ मध्येच रद्द झाला होता, तरी भीती काही कायद्याबरोबर रद्द होत नाही. जोतीरावांना राग आला आणि त्यांनी तो लपवला नाही. ते पुस्तक त्यांच्या हयातीत संपूर्ण छापून निघाले नाही. लोखंड्यांचे गुणगान करणारे या प्रसंगावरून घाईने पुढे सरकतात. तसे करू नये. सबंध पांढरपेशा मताविरुद्ध उभा राहणारा हा संपादक आपल्याच गुरूच्या मजकुरापाशी कचरला, हेही त्याच्या चरित्रात राहू द्यावे. छापखाना, कागदाची उधारी, शाईवाल्याची बाकी आणि सरकारची नजर या साऱ्यांच्या मध्ये बसलेल्या माणसाचे ते चरित्र आहे. तेवढ्याने त्यांचे बाकीचे काम खाली येत नाही.

१८९६ च्या पावसाळ्याअखेर मांडवी भागात प्लेग दिसला आणि बघता बघता शहरभर पसरला. लोक मुंबई सोडून पळाले. लोखंडे थांबले, रोग्यांसाठी धावपळ करत राहिले, आणि ९ फेब्रुवारी १८९७ ला प्लेगनेच गेले. वय पन्नाशीच्या आत. महिन्याभराने, १० मार्चला, पुण्यात सावित्रीबाई फुले गेल्या, त्याही प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना.

पत्र मात्र त्यांच्याबरोबर गेले नाही. वासुदेवराव बिर्जे यांनी ते पुढे चालवले, आणि तेही प्लेगला बळी पडल्यावर त्यांच्या पत्नी तानुबाई बिर्जे यांनी संपादकपद घेतले. विसाव्या शतकाच्या आरंभीची काही वर्षे एक मराठी बाई राजकारण, शिक्षण, बहुजनांची स्थिती यांवर अग्रलेख लिहीत होती. देशातल्या पहिल्या स्त्री-संपादकांत त्यांची गणना होते. तानुबाईंवर कोणी नीट, विस्ताराने लिहावे अशी फार इच्छा आहे.

अडचण अंकांची. ‘दीनबंधू’चे फार थोडे अंक आज पाहायला मिळतात. त्यात काय छापून येई याची बरीचशी माहिती ब्रिटिश सरकारच्या देशी वृत्तपत्रांवरील साप्ताहिक अहवालांतून घ्यावी लागते. म्हणजे एका मराठी संपादकाचे लिखाण त्याच्यावर पाळत ठेवणाऱ्या खात्याच्या इंग्रजी गोषवाऱ्यातून वाचायचे. पत्रकार मनोहर कदम यांनी लोखंड्यांचे चरित्र लिहिले नसते तर एवढेही हाती लागले नसते. २००५ मध्ये टपाल खात्याने त्यांच्या नावे तिकीट काढले. तरुणपणी टपाल खात्यात नोकरी केलेल्या माणसाला टपाल खात्याने दिलेली ही पावती म्हणायची. परळला राज्य सरकारची श्रम विज्ञान संस्था आहे, तिलाही त्यांचे नाव आहे.

त्या संस्थेपासून थोडे पुढे गेले की पूर्वी जिथे गिरण्या होत्या तिथे काचेचे मनोरे लागतात. रविवारी सकाळी तिथली दुकाने गजबजलेली असतात. दुचाकीवर पाठीला पेट्या बांधलेली पोरे खाणे पोचवत धावत असतात, कारण त्यांच्या धंद्याचा मोठा वार तोच. आम्हा बँकवाल्यांना २०१५ पासून दुसरा आणि चौथा शनिवारही मिळाला, पाचच दिवसांच्या आठवड्याची मागणी चालू आहे. ती मिळावीही. पण मागल्या महिन्यात अशाच एका मनोऱ्याच्या फाटकाशी एका परिचितांची वाट पाहत उभा असताना तिथल्या रखवालदाराशी बोलणे झाले. सातारकडचा पोरगा, बारा तासांची ड्यूटी. आजोबा याच भागातल्या गिरणीत साच्यावर होते, म्हणाला. मी विचारले, सुट्टी कधी असते?

“बदलीवाला आला तर, काका.”

बदलीवाला तीन आठवडे आलेला नव्हता.